येमेनच्या सरकारी फौजेने गमावलेली शस्त्रे आणि बोईसरचा कंटेनर

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ नावाचे जहाज हुथींनी पकडले. मोटारगाड्या वाहून नेणारे हे जहाज तुर्कस्तानातून निघाले होते आणि येणार होते गुजरातच्या पिपावाव बंदरात, म्हणजे आपल्या डहाणू-पालघरच्या किनाऱ्यासमोर, खंबातच्या आखातापलीकडे. दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागला. हेलिकॉप्टर जहाजावर उतरते, तोंड झाकलेले बंदूकधारी बाहेर उड्या टाकतात, कॅप्टनच्या खोलीपर्यंत पोहोचतात. आपल्याकडच्या ग्रुपवरही तो आला. कुणी कौतुकाने पुढे पाठवला, कुणी काळजीने. पण एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: हे हेलिकॉप्टर आले कुठून?

ते रशियन बनावटीचे एमआय-१७ होते. येमेनच्या सरकारी हवाई दलाकडे ही हेलिकॉप्टरे होती आणि २०१४-१५ मध्ये सरकार कोसळले तेव्हा विमानतळांसकट ती हुथींच्या ताब्यात गेली. सरकारने जनतेच्या पैशातून घेतलेले यंत्र नऊ वर्षांनी भारताकडे येणाऱ्या जहाजावर उतरले. आजचा आमचा विषय तोच आहे. यादवी युद्धात सरकारी फौज परदेशी शस्त्रे गमावते, म्हणजे नेमके काय होते? ती शस्त्रे पुढे कुठे जातात? आणि तारापूर एमआयडीसीत पाळी करून घर चालवणाऱ्या माणसाने याचा विचार का करावा?

येमेनच्या शस्त्रागाराची कहाणी थोडी मागून सांगावी लागेल. २२ मे १९९० रोजी उत्तर आणि दक्षिण येमेन एक झाले, तोवर हे दोन वेगळे देश होते. दक्षिण येमेन कम्युनिस्ट, त्यामुळे सोव्हिएत रशियाने त्याला मिग विमाने, रणगाडे आणि स्कड क्षेपणास्त्रे भरभरून दिली. उत्तर येमेनने दोन्हीकडून घेतले. रशियाकडूनही, आणि १९७९ मध्ये सौदीच्या पैशाने अमेरिकेची एफ-५ विमानेसुद्धा. देश एक झाले, पण फौजा मनाने एक झाल्या नाहीत. चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, पुन्हा युद्ध पेटले आणि दक्षिणेने सना शहरावर स्कड डागली. उत्तर जिंकली, दक्षिणेचा सगळा साठा राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्या हाती आला. त्यानंतर चीनकडून क्षेपणास्त्रे डागणाऱ्या नौका आल्या. गरीब देश, अर्धी मुले कुपोषित, पण क्षेपणास्त्रांची कमतरता नव्हती.

२००२ च्या डिसेंबरात एक विलक्षण प्रसंग घडला. ‘सो सान’ नावाचे मालवाहू जहाज अरबी समुद्रात स्पेनच्या नौदलाने अडवले. वर सिमेंटच्या गोण्या, खाली उत्तर कोरियातून निघालेली १५ स्कड क्षेपणास्त्रे. सगळ्या जगात बोंबाबोंब झाली. मग येमेन सरकारने सांगितले की माल आमचा आहे, आम्ही रीतसर विकत घेतला आहे. सालेह तेव्हा दहशतवादविरोधी लढाईत अमेरिकेचे दोस्त होते. दोन दिवसांत जहाज सोडून देण्यात आले आणि क्षेपणास्त्रे येमेनमध्ये पोहोचली. सरकारने सरकारला विकलेला माल, कायद्याने त्यात काही गैर नाही, असे तेव्हा म्हटले गेले. ते खरेही होते. कायदा इतकेच बघतो की आज माल कुणाच्या नावावर आहे. दहा-बारा वर्षांनी कोठाराची किल्ली कुणाकडे असेल, हे कुठल्याच पावतीवर लिहिलेले नसते.

किल्ली कशी गेली

लोकांना वाटते की बंडखोर लढून शस्त्रे जिंकतात. कधी कधी तसे होतेही. पण येमेनमध्ये बरेचसे कोठार लढून गेलेच नाही, ते सुपूर्द झाले. सालेह यांनी फौज घराण्याभोवती बांधली होती. सर्वांत चांगली शस्त्रे ज्या रिपब्लिकन गार्डकडे, त्याचा प्रमुख त्यांचा मुलगा. २०११ च्या आंदोलनानंतर सालेह यांना २०१२ मध्ये पायउतार व्हावे लागले आणि अब्दुर्रब्बू मन्सूर हादी राष्ट्राध्यक्ष झाले. खुर्ची बदलली, पण फौजेची निष्ठा जुन्या मालकाकडेच राहिली. आणि मग तो मालक आपल्या जुन्या शत्रूंना जाऊन मिळाला. ज्या हुथींविरुद्ध सालेह यांनी २००४ ते २०१० मध्ये सादा प्रांतात एकामागून एक सहा लढाया केल्या, त्यांच्याशीच त्यांनी हातमिळवणी केली. २१ सप्टेंबर २०१४ रोजी हुथी सनामध्ये शिरले तेव्हा सरकारी फौजेच्या बऱ्याच तुकड्यांनी बंदूकच उचलली नाही. रणगाडे, तोफा, क्षेपणास्त्र ब्रिगेड, हवाई तळ जागेवरच होते. फक्त दारावरचे पहारेकरी बदलले.

यात पगाराचीही गोष्ट आहे. येमेनच्या फौजेत हजारो ‘कागदी सैनिक’ होते, नाव यादीत, पगार साहेबाच्या खिशात, माणूस कुठेच नाही. ही फक्त येमेनची रीत नाही. इराकचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतः संसदेत सांगितले की आपल्या फौजेत ५०,००० असे सैनिक सापडले आहेत जे अस्तित्वातच नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये मोसुल शहर मूठभर दाएशवाल्यांपुढे पडले होते. एकट्या मोसुलमध्ये अमेरिकेने दिलेल्या २,३०० हमवी गाड्या आपण गमावल्या, हेही अबादी यांनीच नंतर टीव्हीवर कबूल केले. जी फौज कागदावर आहे, तिची शस्त्रे मात्र खरी असतात. हीच गोम आहे.

सालेह यांचे काय झाले, तेही सांगून टाकू. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी पुन्हा बाजू बदलायचा प्रयत्न केला आणि ४ डिसेंबरला हुथींनी त्यांना ठार मारले. शस्त्रे हुथींकडेच राहिली.

अमेरिकेचा हिशेब आणखी मजेशीर आहे. २००७ नंतर अमेरिकेने येमेन सरकारला ५० कोटी डॉलरहून जास्त किमतीची लष्करी मदत दिली. मार्च २०१५ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली की यातले काय कुठे आहे, हे पेंटागॉनला सांगता येत नाही. यादीत १६० हमवी, २०० एम-४ रायफली, १२ लाख ५० हजार काडतुसे, रात्री दिसणाऱ्या दुर्बिणी, हेलिकॉप्टरे, गस्ती नौका असे सगळे होते. बोईसरच्या कुठल्याही कारखान्यात स्टोअरकीपरने वर्षाअखेरीस असा हिशेब दिला तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभे करणार नाहीत.

इथे आपल्या दारातलीच एक गोष्ट आठवते. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांना लागणारे समृद्ध युरेनियमही अमेरिकेकडून येणार होते. १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. पुढे इंधनासाठी फ्रान्सकडे आणि नंतर इतरांकडे जावे लागले. या भट्ट्यांतल्या इंधनाचा हिशेब आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येऊन तपासतात. म्हणजे विजेचे दिवे लावायला दिलेल्या इंधनावर एवढी नजर, आणि माणसे मारायला दिलेल्या रायफली कुठे गेल्या ते माहीत नाही! शस्त्र विकताना खरेदीदार ‘अंतिम वापराच्या’ कागदावर सही करतो, हा माल दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणून. पण सही करणारे सरकारच उरले नाही तर तो कागद कुणाला दाखवायचा?

जुन्या लोखंडाचे नवे क्षेपणास्त्र

२६ मार्च २०१५ रोजी सौदी अरबच्या नेतृत्वाखालील आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. त्यांचे एक मोठे लक्ष्य हीच कोठारे होती. २० एप्रिलला सनाजवळच्या फज अत्तान टेकडीवरच्या क्षेपणास्त्र तळावर बॉम्ब पडले आणि असा स्फोट झाला की शहरातल्या लांबच्या घरांच्या काचाही राहिल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी आघाडीने जाहीर केले की क्षेपणास्त्रांचा धोका संपला. ६ जूनला सौदीतल्या खमीस मुशैतवर स्कड डागले गेले.

त्यानंतरची वर्षे या लोखंडाचे रूप कसे बदलले ते दाखवतात. रशियाचे एस-७५ हे विमान पाडण्यासाठी बनलेले क्षेपणास्त्र, म्हणजे जमिनीवरून आकाशात जाणारे. हुथींनी ते आडवे करून जमिनीवरच्या लक्ष्यासाठी वापरले आणि नाव दिले ‘काहिर-१’. नेम फारसा धड नाही, पण ज्या वस्तीवर पडते तिला त्याने काय फरक पडतो? सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या फौजेच्या साठ्यातले एक तोचका क्षेपणास्त्र मारिबमधल्या तळावर पडले आणि एका दिवसात अमिरातीचे पन्नासच्या आसपास सैनिक गेले. चीनकडून आलेल्या नौकाविरोधी क्षेपणास्त्रांना ‘अल-मंदब’ हे नाव मिळाले. २१ सप्टेंबर २०२३ च्या संचलनात सनावरून एक एफ-५ उडाले. अमेरिकी बनावटीचे, सौदीच्या पैशाचे, आणि आता अमेरिका-सौदीच्या शत्रूच्या हातात.

सगळे श्रेय किंवा सगळा दोष जुन्या साठ्यावर टाकणे मात्र बरोबर नाही. २०१७ नंतर रियाधपर्यंत पोहोचलेली क्षेपणास्त्रे आणि तांबड्या समुद्रातले ड्रोन यांच्यामागे इराणचे तंत्र आणि सुटे भाग आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे अहवाल सांगतात. एप्रिल २०१५ पासून सुरक्षा परिषदेच्या २२१६ क्रमांकाच्या ठरावाने हुथींना शस्त्रे देण्यावर बंदी आहे, तरी लहान लाकडी गलबतांतून माल येत राहिला. पण आमचे म्हणणे असे की इराणने बी दिले तरी शेत तयार होते. डागायचे ट्रक, रडार, कोठारांची भुयारे, आणि मुख्य म्हणजे क्षेपणास्त्र हाताळणारे, सरकारच्या पगारावर शिकलेले तंत्रज्ञ. परदेशी शस्त्र गमावणे म्हणजे नुसती वस्तू गमावणे नसते, ती चालवणारा हातही जातो.

आणि गळती एकाच बाजूने झाली नाही. २०१९ मध्ये सीएनएनने दाखवले की सौदी आणि अमिरातीने अमेरिकेकडून घेतलेली चिलखती वाहने आपल्या बाजूच्या टोळ्यांना वाटली आणि त्यातली काही फिरून हुथींकडेच पोहोचली. ज्याच्याविरुद्ध घेतली, त्याच्याच हातात.

ही शस्त्रे कुणावर चालली, हे कौतुक करणाऱ्यांनी जरूर आठवावे. २०१४ ते २०२३ ही नऊ वर्षे ती बहुतांश येमेनी मुसलमानांवरच चालली. ताइझ शहराचा वेढा, मारिबची छावणी, अदनच्या गल्ल्या. दुसऱ्या बाजूने सौदी आघाडीच्या विमानांनी लग्नाच्या मांडवांवर आणि मयतीच्या सभांवर बॉम्ब टाकले, तीही परदेशीच शस्त्रे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे की २०२१ च्या अखेरीपर्यंत या युद्धाने ३ लाख ७७ हजार जीव घेतले, आणि त्यातले सुमारे ६० टक्के गोळीने नाही तर भूक, आजार आणि दवाखाना नसल्यामुळे गेले. गाझासाठी हुथींनी आवाज उठवला म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या मनात त्यांच्याविषयी जागा तयार झाली. गाझातल्या जुलमाबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि ज्या अरब सरकारांनी हात बांधून बसणे पत्करले त्यांच्याबद्दलचा रागही आम्हाला कळतो. पण मालवाहू जहाजावरचा फिलिपिनो फिटर किंवा कोकणातला मोटरमन गाझाचा गुन्हेगार नाही.

बोईसरला काय झाले

तारापूर एमआयडीसी म्हणजे रंग, रसायने, औषधांचा कच्चा माल, कापड आणि पोलाद. यातला बराच माल युरोप, तुर्कस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिकेकडे जातो. कंटेनर चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागतो, न्हावा-शेवाला जहाजावर चढतो, अरबी समुद्र ओलांडून बाब-अल-मंदेबच्या अरुंद सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरतो आणि सुएझमधून भूमध्य समुद्रात निघतो. निदान २०२३ च्या हिवाळ्यापर्यंत तरी असेच होते.

हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या जहाज कंपन्यांनी हा रस्ता सोडला आणि आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जहाजे नेऊ लागल्या. वास्को द गामाचा जुना रस्ता. दहा ते चौदा दिवस जास्त, इंधन जास्त, आणि रिकामे कंटेनर परत यायलाही तेवढाच उशीर. जे या रस्त्याने जातच राहिले त्यांचा युद्धजोखमीचा विमा पूर्वी जहाजाच्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याचाही छोटा तुकडा होता, तो २०२४ च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्क्यावर गेला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचा विमा दहा लाख डॉलर. क्रिसिलने तेव्हा सांगितले होते की आदल्या आर्थिक वर्षातली भारताची जवळपास निम्मी निर्यात, सुमारे १८ लाख कोटी रुपयांची, याच मार्गावर अवलंबून होती.

मोठ्या कंपन्यांनी वार्षिक करार केलेले असतात, त्या तगल्या. मार बसला तो दहा-वीस कामगारांच्या छोट्या युनिटला. यातला व्यवहार समजून घ्यावा लागेल. निर्यातदाराने माल ‘एफओबी’ विकला असेल तर भाडे खरेदीदार भरतो, ‘सीआयएफ’ विकला असेल तर भाडे आणि विमा विकणाऱ्याच्या अंगावर. ऑर्डर घेताना जुन्या भाड्याने दर सांगितला आणि माल निघताना भाडे दुप्पट-तिप्पट झाले, तर नफा तिथेच संपला. शिवाय माल पंधरा दिवस उशिरा पोहोचला की पैसेही पंधरा दिवस उशिरा. बँकेचे व्याज थांबत नाही. मग काय होते ते कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा: ओव्हरटाइम बंद, एक पाळी कमी, कंत्राटी माणसाला ‘पुढच्या महिन्यात बघू’. ज्याची रोजी गेली त्याला कुणी सांगत नाही की यामागे सनामधल्या एका कोठाराची किल्ली आहे.

सगळ्यात मोठे नुकसान मात्र इजिप्तचे झाले. सुएझची कमाई २०२३ मध्ये १,०२५ कोटी डॉलर होती, ती २०२४ मध्ये ४०० कोटींच्याही खाली आली. गाझाच्या शेजारचा देश, ज्याच्या हद्दीतून मदतीचे ट्रक जातात, त्याचाच खिसा सर्वांत जास्त कापला गेला.

जहाजावरची आपली पोरे

कोकणातल्या मुस्लिम घरांना जहाज नवीन नाही. रत्नागिरी, रायगडपासून वसई, पालघरपर्यंत किती घरांत आजोबा-चाचा ‘जहाजावर’ होते. आजही जगातल्या दर दहा खलाशांमागे साधारण एक भारतीय आहे. त्यामुळे या युद्धातून सुटलेली प्रत्येक शस्त्राची गोष्ट कुठे ना कुठे भारतीय घराला लागते.

२ जानेवारी २०२२ रोजी हुथींनी ‘रवाबी’ नावाचे अमिरातीचे जहाज पकडले. त्यावर ११ माणसे होती, त्यातले सात भारतीय. साडेतीन महिने ते अडकून पडले आणि एप्रिलमध्ये ओमानच्या मध्यस्थीने सुटले. त्याच जानेवारीच्या १७ तारखेला अबू धाबीच्या मुसफ्फा भागावर हल्ला झाला, तीन मजूर गेले, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी. २३ डिसेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात ‘साईबाबा’ या तेलवाहू जहाजावर ड्रोन आदळला, २५ च्या २५ खलाशी भारतीय. त्याच दिवशी ‘केम प्लुटो’ हे जहाज तर आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर असताना मारले गेले आणि नंतर मुंबईत आणले गेले. तो ड्रोन इराणमधून सुटल्याचे पेंटागॉनने म्हटले, इराणने नाकारले. २६ जानेवारी २०२४ ला ‘मार्लिन लुआंडा’ पेटले, त्यावर २२ भारतीय होते, आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस विशाखापट्टणम’ने जाऊन आग विझवायला मदत केली. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन खलाशी मेले, दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. वाचलेल्यांना ‘आयएनएस कोलकाता’ने उचलले. जुलै २०२५ मध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे एका आठवड्यात बुडवली गेली.

या यादीत एकही सेनापती नाही. सगळे पगारासाठी घर सोडून आलेले लोक आहेत.

आता विकणारे आपणही

आपल्याला हा प्रश्न दुसऱ्यांचा वाटतो, पण भारतही आता शस्त्रे देणारा देश आहे. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली, असे सरकार अभिमानाने सांगते. अभिमान असावा. पण भारताने अफगाणिस्तानच्या सरकारला लढाऊ हेलिकॉप्टरे भेट दिली होती, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कुंदूजचा विमानतळ पडला तेव्हा त्यातले एक तालिबानच्या ताब्यात गेल्याच्या बातम्या व्हिडिओसह आल्या. त्याचे पंखे आधीच काढलेले होते म्हणून ते उडण्याजोगे नव्हते. अमेरिकेचे तर विचारू नका. तिच्याच संरक्षण खात्याने नंतर संसदेला सांगितले की सुमारे ७०० कोटी डॉलरची सामग्री अफगाणिस्तानात राहिली, त्यात तीन लाखांहून जास्त बंदुका आणि चाळीस हजारांहून जास्त गाड्या. पाकिस्तान आज तक्रार करतो की त्यातली शस्त्रे तहरीक-ए-तालिबानकडे दिसतात. काश्मीरमध्येही एम-४ रायफली सापडल्या आहेत.

म्यानमारची उलट बाजू आहे. तिथल्या लष्कराने रोहिंग्यांना हाकलले, त्याच लष्कराची रशियन आणि चिनी शस्त्रे ऑक्टोबर २०२३ नंतर एकेक ठाणे पडत बंडखोरांच्या हाती गेली. आपल्यातल्या काहींना आनंद झाला. पण रखाइनमध्ये ज्या अराकान आर्मीने डिसेंबर २०२४ मध्ये मौंगडॉ घेतले, तिच्या राजवटीतही रोहिंग्यांचे हाल संपले नाहीत. बंदूक हातातून हातात गेली, समोरची माणसे तीच राहिली.

म्हणून आमचे मत असे आहे की शस्त्र कुणाला द्यायचे हे ठरवताना, त्या देशाची फौज घराण्याची आहे की घटनेची, तिला पगार मिळतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या संसदेत यावर किती चर्चा होते? निर्यातीचा आकडा टाळ्यांसाठी वाचला जातो, माल पुढे कुठे गेला याचा अहवाल कुणी मागत नाही. पालघरच्या खासदारांनी हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्यांच्याच जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून मोठ्या खर्चाचे बंदर उभे राहते आहे. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, तो वेगळा लेख होईल. पण ते बंदर झाले तर बाब-अल-मंदेबमधला प्रत्येक धमाका थेट पालघरच्या हिशेबात येईल.

मे २०२५ मध्ये ओमानने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता घडवला, तरी जुलैत दोन जहाजे बुडालीच. ऑक्टोबर २०२५ च्या गाझा युद्धविरामानंतर हल्ले थांबले. पण कोठारे जिथे होती तिथेच आहेत. त्यामुळे विमा कंपन्यांचा आणि मोठ्या जहाज कंपन्यांचा विश्वास लगेच परत येत नाही. निर्यात करणाऱ्या छोट्या युनिटवाल्यांनी दर सांगताना भाडेवाढीचे कलम करारात घालून घ्यावे, सीआयएफचा आग्रह असेल तर निदान जोखमीच्या अधिभाराची जबाबदारी लिहून घ्यावी.

आणि ज्या घरातून पोरगा जहाजावर चालला आहे, त्यांनी एजंटला पैसे देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना आहे का, तो क्रमांक डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दुसरे, जहाज आंतरराष्ट्रीय खलाशी संघटनेच्या कराराखाली आहे का. असेल तर तांबड्या समुद्राचा जो भाग युद्धक्षेत्र म्हणून जाहीर झालेला असतो, तिथे जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला असतो. गेला तर त्या दिवसांचा मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास दुप्पट भरपाई मिळते. बिनकराराच्या स्वस्त जहाजावर यातले काहीच नसते. नेमणुकीच्या पत्राची झेरॉक्स घरात ठेवावी, आणि जहाजाचे नाव व आयएमओ क्रमांक अम्मीच्या मोबाईलमध्येही लिहून ठेवावा.